आजोबांची गादी, नातवाचा सूर

‘कट्यार काळजात घुसली’ : मूळ नाटक, पुनरुज्जीवन आणि चित्रपट यांच्या ध्वनिमुद्रणांचा तुलनात्मक आस्वाद

जैन घरी मुनिमहाराज गोचरीसाठी येतात, तेव्हा एकाच घरातून पात्र भरून घेत नाहीत. या घरून थोडे, त्या घरून थोडे, असे ते स्वीकारतात. दशवैकालिक सूत्राच्या ‘द्रुमपुष्पिका’ या पहिल्याच अध्ययनात त्यासाठी भ्रमराचा दृष्टान्त आला आहे. भ्रमर फुलातील रस घेतो. पण फुलाला पीडा होऊ देत नाही. घेणाऱ्याची तृप्ती व्हावी आणि देणाऱ्याला उणे पडू नये, अशी ही घेण्याची रीत आहे.

योगायोग असा, की मराठी संगीत रंगभूमीवरील एका अत्यंत गाजलेल्या पदाचा विषयही मकरंद घेणारा भ्रमरच आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकातील ‘घेई छंद मकरंद’ हे ते पद. १९६७ साली ते प्रथम रंगमंचावर आले. २०१० साली नाटकाचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा मूळ गायक-नटाच्या नातवाने ते गायिले. पुढे २०१५ च्या चित्रपटातही त्याला स्थान मिळाले. या तीनही काळांतील गायन आज घरबसल्या ऐकता येते. ते ओळीने ऐकले असता केवळ संगीताचाच नव्हे, तर वारशाचाही प्रश्न समोर उभा राहतो. आजोबांच्या गादीवर बसणाऱ्या नातवाने पूर्वजांकडून काय घ्यावे आणि ते कसे घ्यावे? पेढी चालविणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला कधी ना कधी पडणारा हा प्रश्न आहे.

एक कथा, दोन घराणी

नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी लिहिलेले हे नाटक प्रभाकर पणशीकर यांच्या ‘नाट्यसंपदा’ने रंगभूमीवर आणले. पदेही दारव्हेकरांचीच होती आणि त्यांना संगीत दिले होते पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी. बोलपटांच्या आगमनानंतर संगीत नाटकाला ओहोटी लागली होती. अभिषेकींच्याच संगीताने नटलेल्या ‘मत्स्यगंधा’ने १९६४ साली त्या प्रवाहात पुन्हा पाणी आणले आणि तीन वर्षांनी ‘कट्यार’ने त्याला पूर आणला.

कथा विश्रामपूर संस्थानात घडते. राजगायकाचे पद, हवेली आणि एक रत्नजडित कट्यार हा तेथील गायन-स्पर्धेतील विजेत्याचा मान. पंडित भानुशंकर शास्त्री तो मान वर्षानुवर्षे मिळवितात. त्यांच्यासमोर दरवर्षी हार पत्करणारे खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले मनातून जळत राहतात. एके वर्षी पंडितजी न गाताच सभा सोडून जातात. पद, हवेली आणि कट्यार खाँसाहेबांच्या हाती येते. पण जिंकल्याचे समाधान येत नाही. पंडितजींकडे विद्या घेण्याच्या आशेने आलेला सदाशिव पुढे त्याच हवेलीत नोकर बनून राहतो आणि खाँसाहेबांची गायकी चोरून आत्मसात करू लागतो.

त्या कट्यारीला एक विलक्षण सवलत जोडलेली आहे : तिने केलेला एक खून माफ. कलेचा सन्मान म्हणून राजाने हिंसेचा परवाना द्यावा, ही कल्पना अहिंसा मानणाऱ्या वाचकाला दचकविणारी आहे. आणि नाटककारालाही प्रेक्षकाला दचकवायचेच आहे. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांपैकी मान हा कलावंताला सर्वांत जवळचा. म्यानात ठेवलेली ती कट्यार म्हणजे त्या मानकषायाचेच मूर्त रूप होय.

तबकडीवरचे खाँसाहेब

खाँसाहेबांची भूमिका केली वसंतराव देशपांडे यांनी. १९२० साली जन्मलेल्या वसंतरावांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गायनाचे प्राथमिक शिक्षण घेतले. लाहोरला असद अली खाँ यांच्याकडून मारवा रागाची तालीम घेतली आणि आणखीही अनेक गुरूंकडून विद्या मिळविली. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गाण्याचा ठसाही त्यांच्यावर उमटला होता. कोणत्याही एका घराण्याच्या चौकटीत न बसणारी त्यांची गायकी अनेक फुलांवरून गोळा केलेल्या मधासारखी होती. आणखी एक गोष्ट व्यापारी वाचकांना विशेष वाटेल : या गायकाच्या आयुष्याची बरीच वर्षे लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करण्यात गेली. दिवसा आकडे आणि रात्री सूर, असे दोन रोजमेळ त्यांनी सांभाळले. ‘कट्यार’ने त्यांना महाराष्ट्राच्या घराघरांत नेले, तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते.

मूळ नाटकाची ध्वनिमुद्रणे ऐकताना त्या काळच्या साधनांची मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. छोट्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे बसे. रंगमंचावर मात्र तेच पद प्रेक्षकांच्या ‘वन्स मोअर’सह कितीही लांबत असे. म्हणजे तबकडी हा प्रयोगाचा संपूर्ण हिशेब नव्हे. ती फार तर पावती आहे. गायक, ऑर्गन आणि तबला यांचे मुद्रण एकत्रच होई. एखादी हरकत मनासारखी उतरली नाही, तर तेवढीच पुसून नव्याने भरण्याची आजची सोय तेव्हा नव्हती.

पण त्या अडचणीतूनच या मुद्रणांना धार आली आहे. वसंतरावांना मोजकी मिनिटे मिळतात आणि ते एक क्षणही वाया जाऊ देत नाहीत. मुखडा मांडून होतो न होतो, तोच तान झेपावते. ती कोठून निघेल आणि कोणत्या स्वरावर थांबेल, याचा अंदाज पुन्हापुन्हा ऐकूनही येत नाही. आवाज फार रुंद नाही. पण त्याला पाते आहे. बोलता बोलता गाण्यात शिरणाऱ्या नटाची लय त्यात आहे. संतापलेला, दुखावलेला आणि तरीही स्वरांपुढे नम्र होणारा खाँसाहेब चेहरा न दिसताही कानांना दिसतो.

‘घेई छंद’ या पदात अभिषेकींनी एक अनोखी गोष्ट केली. शब्द एकच ठेवून त्यांनी दोन चाली बांधल्या. पंडितजींच्या घराण्यासाठी कर्नाटक पद्धतीशी नाते सांगणारा सालगवराळी घेतला आणि चाल संथ, ध्यानस्थ ठेवली. खाँसाहेबांसाठी पाच स्वरांचा चपळ धानी घेतला आणि तानांना मोकळे रान दिले. दोन्ही चाली एकापाठोपाठ ऐकल्या, की दोन भ्रमर समोर येतात. एक फुलावर अलगद उतरतो, स्थिर होतो आणि रस घेताना पाकळीही हलू देत नाही. दुसरा मकरंदाने धुंद होऊन या फुलावरून त्या फुलावर झेपावत राहतो. शब्द तेच, फूल तेच. घेणाऱ्याचा स्वभाव मात्र निराळा. दोन घराण्यांतील भेदावर नाटकातील पात्रे बरेच बोलतात. पण या दोन चाली तो भेद काही मिनिटांत दाखवून देतात. यांतील श्रेष्ठ भ्रमर कोणता, हा निवाडा संगीतकाराने दिलेला नाही, हे विशेष.

नातू गादीवर बसतो

वसंतराव १९८३ साली निवर्तले. त्यांचा नातू राहुल तेव्हा पुरता चार वर्षांचाही नव्हता. आजोबांसमोर तंबोरा घेऊन बसण्याचे भाग्य त्याला लाभले नाही. आजोबा त्याला भेटले ते तबकड्यांतून, ध्वनिफितींतून आणि लोकांनी सांगितलेल्या आठवणींतून. ज्या मुलाचे आजोबा लहानपणीच गेले आणि ज्याने त्यांचा व्यवहार पुढे त्यांच्या हस्ताक्षरातील जुन्या वह्यांतून शिकून घेतला, त्याला ही अवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

२०१० साली राहुल देशपांडे यांनी ‘कट्यार’ पुन्हा रंगमंचावर आणले आणि खाँसाहेबांची भूमिका स्वतः केली. सदाशिवाच्या भूमिकेत होते महेश काळे. ते पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे शिष्य. म्हणजे एकीकडे मूळ गायकाचा नातू आणि दुसरीकडे मूळ संगीतकाराचा शिष्य. एकाचा वारसा रक्ताचा, दुसऱ्याचा विद्येचा. आणि दोन्ही एकाच मंचावर समोरासमोर.

या निर्मितीतील आणि त्यानंतरच्या मैफलींतील राहुल यांचे गायन जुन्या तबकडीशेजारी ठेवून ऐकावे. पहिल्या काही क्षणांत आजोबाच आठवतात. मुखड्याची फेक, समेवर येण्याची ऐट, मध्येच सुटणारी तान, या सर्वांवर घराची मोहोर आहे. थोड्या वेळाने मात्र फरक उमगू लागतो. नातवाचा आवाज अधिक भरीव व गोलाईचा आहे. वसंतराव जेथून विजेसारखे निघून जातात, तेथे राहुल क्षणभर रेंगाळतात आणि स्वराला श्वास घेऊ देतात. आजोबांच्या खाँसाहेबांत संताप अग्रभागी आहे. नातवाच्या खाँसाहेबांत वेदना लवकर वर येते.

यावर जुने रसिक हमखास म्हणतात, ‘वसंतरावांची बात वेगळी होती.’ हे वाक्य प्रत्येक पेढीच्या उंबरठ्यावर ऐकू येते. दुकानात नवी मांडणी झाली, बिले संगणकावर निघू लागली, की जुने गिऱ्हाईक हमखास आजोबांची आठवण काढते. त्या आठवणीत प्रेम असते. पण ते नातवाच्या खांद्यावर ओझेही ठेवून जाते. त्याने आजोबांची हुबेहूब नक्कल केली, तर ‘यात याचे स्वतःचे काय?’ असे विचारले जाते. वेगळे काही केले, तर ‘गादीची रीत मोडली’ असा ठपका येतो.

दोन्ही ध्वनिमुद्रणे नीट ऐकणाऱ्यास या पेचातून निघणारी वाट सापडते. राहुल यांनी आजोबांची प्रत्येक तान जशीच्या तशी उतरवून घेतलेली नाही. तान घेण्याचे धाडस मात्र घेतले आहे. फूल खुडून घरी आणले, तर ते सायंकाळपर्यंत कोमेजते. रस घेतला, तर त्याचा मध होतो. वसंतरावांनी स्वतः अनेक गुरूंकडून विद्या घेतली, ती याच रीतीने. म्हणून नक्कल टाळणारा नातूच या बाबतीत आजोबांच्या पाऊलवाटेवर अधिक खरेपणाने चालतो.

पडद्यावरचा नवा साज

१२ नोव्हेंबर २०१५ रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, नव्या वह्यांवर पहिली नोंद करण्याच्या मुहूर्तावर ‘कट्यार’ चित्रपटरूपाने आले. दिग्दर्शन सुबोध भावे यांचे होते. खाँसाहेबांच्या भूमिकेत सचिन पिळगांवकर, पंडितजींच्या भूमिकेत शंकर महादेवन आणि सदाशिवाच्या भूमिकेत स्वतः भावे होते. अभिषेकींच्या निवडक पदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी रचली.

येथे सर्वांत मोठा बदल झाला तो आवाज आणि देह यांच्या नात्यात. संगीत नाटकात जो बोलतो तोच गातो. संवाद संपताना लागलेली धाप पदाच्या पहिल्या स्वरात मिसळलेली असते. चित्रपटात खाँसाहेबांचा देह सचिन यांचा आणि गळा राहुल यांचा. सदाशिवाचा देह भावे यांचा आणि गळा महेश काळे यांचा. एकट्या शंकर महादेवन यांनी पंडितजींच्या भूमिकेत आपले गाणे आपणच गायिले. कर्नाटक संगीताचे शिक्षण घेतलेला त्यांचा स्वच्छ, शांत स्वर पंडितजींच्या घराण्याला शोभतो. सालगवराळीची निवड करताना अभिषेकींनी दक्षिणेकडे पाहिले होते. जवळजवळ अर्धशतकाने तेथलाच संस्कार झालेला गळा त्या पात्राला लाभला.

ऑर्गन आणि तबल्याच्या जागी आता मोठा वाद्यमेळ व कोरस आला. प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करून नंतर तोलून एकत्र आणण्याची सोय झाली. त्यामुळे चित्रपटाची ध्वनिफीत कानाला भरजरी वाटते. हिंदी गीतांच्या श्रोत्यांनाही ती सहज आपलीशी झाली. ‘सूर निरागस हो’ हे गणेशवंदन शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि घरगुती समारंभांत पोहोचले. ते मूळ नाटकात नव्हते, याचीही आता अनेकांना कल्पना नसते. महेश काळे यांना ‘अरुणि किरणी’ या नव्या गीतासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या संपन्नतेत काही हरवलेही आहे. ‘सुरत पिया की’ ही अनेक रागांतून फिरणारी रागमाला जुन्या मुद्रणात ऐकली, तर वसंतराव एकटेच एका रागातून दुसऱ्या रागात असे जातात, की वळण ध्यानात यायला क्षणभर उशीर होतो. चित्रपटात राहुल देशपांडे आणि महेश काळे यांचे आवाज तेथे समोरासमोर येतात. सामना रंगतो, उत्कंठा वाढते. पण एकाच गळ्याने एवढा विस्तार पेलण्यातील जोखीम कमी होते. जुन्या मुद्रणात घसरण्याची भीती सतत जाणवते आणि न घसरण्याचा आनंदही. नव्या मुद्रणात रस्ता रुंद व गुळगुळीत आहे. प्रवास सुखाचा होतो. घाट चढल्याचे समाधान मात्र पहिल्याच मुद्रणात आहे.

तरीही चित्रपटाला उणे लेखणे अन्यायाचे ठरेल. जुन्या तबकडीकडे आज किती तरुण आपणहून वळले असते? चित्रपट पाहून आलेल्या अनेकांनी घरच्या वडीलधाऱ्यांना प्रथमच विचारले, ‘मूळ गाणे कोणी म्हटले होते?’ असा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, तेथे वारसा अजून जिवंत आहे.

न दिलेले घेणे

तीनही रूपांत टिकून राहिलेला एक नैतिक प्रश्न जैन वाचकाला विशेष जवळचा वाटेल. सदाशिव विद्या चोरून घेतो. न दिलेली वस्तू घेणे म्हणजे अदत्तादान. अचौर्य व्रताला ते मान्य नाही. मग सदाशिवाचे काय? नाटक त्याला सरळ निर्दोष ठरवीत नाही. लपूनछपून शिकण्याची लाज त्याच्या वागण्यात आहे. पण विद्या कुलुपात ठेवून बसणाऱ्या खाँसाहेबांनाही नाटक मोकळे सोडत नाही. धनाचा संग्रह जसा परिग्रह, तसा ज्ञानाचाही होऊ शकतो. मालाची पारख, दराची खूण किंवा मिश्रणाचे प्रमाण शेवटपर्यंत कोणालाच न सांगता गेलेल्या वडिलांची पेढी पुढे कशी अडखळते, याची उदाहरणे प्रत्येक बाजारपेठेत सापडतात.

या पार्श्वभूमीवर ध्वनिमुद्रणाचे खरे मोल कळते. वसंतरावांची तबकडी हे न मागता दिलेले दान ठरले. नातवाला ते प्रत्यक्ष शिकवू शकले नाहीत. पण त्यांनी कुलूप लावून काही ठेवले नव्हते. ज्याला कान होते त्याला घेता आले, आणि घेताना कोणाचे काही उणे झाले नाही. राहुल देशपांडे यांनी पुढे ‘मी वसंतराव’ या चित्रपटात आजोबांचीच भूमिका साकारली आणि त्यातील गायनासाठी त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. कानांनी भेटलेले आजोबा अखेर नातवाच्या देहातून बोलले.

घरी ऐकताना

एखाद्या रविवारी सायंकाळी कुटुंबाने एकत्र बसून ही ध्वनिमुद्रणे ऐकावीत. प्रथम ‘घेई छंद’च्या दोन्ही चाली जुन्या मुद्रणांतून लागोपाठ ऐकाव्यात आणि दोन भ्रमर कसे वेगळे आहेत, हे मुलांना सांगू द्यावे. मग तेच पद नातवाच्या आवाजात ऐकावे. चित्रपटाचे गाणे शेवटी लावावे, म्हणजे वाद्यांचा भरजरी साज आधी कानावर येऊन जुन्या मुद्रणाचा साधेपणा फिका वाटणार नाही. आजोबांनी प्रयोग पाहिला असेल, तर त्या रात्रीची हकीकत त्यांनाच सांगू द्यावी. ती कोणत्याही तबकडीवर नाही.

नाटकाच्या अखेरीस खाँसाहेबांच्या हाती कट्यार आहे, एक खून माफ असल्याचा अधिकार आहे आणि समोर विद्या चोरणारा सदाशिव आहे. तरीही कट्यार चालत नाही. सदाशिवाच्या कंठातून स्वतःचीच गायकी ऐकल्यावर त्यांचा अहंकार गळून पडतो. दंड करण्याचा अधिकार हाती असताना हात खाली घेणे हीच उत्तम क्षमा, असे पर्युषणात दरवर्षी कानावर पडते. ते कानांतून काळजात उतरायला कधीकधी एखादे नाटक पुरते. त्या क्षणी गादी खाँसाहेबांच्या हातून निसटत नाही. तिला पुढचा वारस मिळतो.